समितीत कोण बसणार? जिल्ह्याच्या गावचा प्राइड मोर्चा आणि राष्ट्रीय नियोजन

(कळंबा, कोल्हापूर इथल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



हे व्याख्यान कळंब्यात ठरलं तेव्हा आमच्याकडं दोन निरोप आले. एक जण म्हणाले, 'एवढ्या लांब कशाला? शाहू स्मारकला घ्या की, दसरा चौकात. सगळ्यांना सोयीचं.' दुसरे म्हणाले, 'कळंब्यात घेतलं ते बरं झालं. शाहू स्मारकला आलो असतो तर कुणी ना कुणी ओळखीचं भेटलंच असतं.' दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण सभा कुठं घ्यायची हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही, एवढं यातून कळतं. ज्याला लपायची गरज नाही तो 'सगळ्यांच्या सोयीचं' म्हणतो तेव्हा स्वतःच्या सोयीचं बोलत असतो. आणि ज्याला लपावं लागतं तो जागा ठरवणाऱ्या बैठकीत नसतोच.

आजचा विषय असा. समजा, देशभर एका सुमारास प्राइड मोर्चे काढायचे ठरले. फक्त मुंबई-दिल्लीत नाही. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव अशा गावांतही. त्यासाठी एक राष्ट्रीय समिती नेमायची ठरली. ती कशी असावी? मोर्चा सर्वसमावेशक असावा असं सगळेच म्हणतात. पत्रिकेवर 'सर्वांचे स्वागत' छापायला जादा पैसे पडत नाहीत. (हशा) आमचं म्हणणं असं की मोर्चा किती जणांचा होणार हे मोर्चाच्या दिवशी ठरतच नाही. समितीच्या पहिल्या दोन-तीन बैठकांत ते ठरून गेलेलं असतं. तिथं कोण बसलंय, कुठल्या भाषेत बोलणं चाललंय, एसटीचं भाडं कुणी दिलंय आणि 'हे नको' म्हणायचा अधिकार कुणाला आहे, यावर.

शब्दांचं आधी एवढंच सांगतो की स्वाभिमान यात्रा म्हणा, अभिमान पदयात्रा म्हणा, प्राइड म्हणा. आम्ही 'मोर्चा' म्हणतोय, कारण कोल्हापूरकराला मोर्चा कळतो. आणि एलजीबीटी म्हणताना समलिंगी बायका आणि पुरुष, उभयलिंगी, तृतीयपंथी आणि पारलिंगी, शिवाय आंतरलिंगी, अलैंगिक अशी सगळी मंडळी धरतोय.

आपल्याकडं हे कसं घडत आलं

भारतातला पहिला मोर्चा २ जुलै १९९९ ला कोलकात्यात निघाला. माणसं किती होती? पंधरा. नाव होतं 'फ्रेंडशिप वॉक'. बरोबर दहा वर्षांनी, २ जुलै २००९ ला, दिल्ली उच्च न्यायालयानं ३७७ कलमाची धार काढली. योगायोगच, पण लक्षात राहायला बरा. मधल्या काळात २९ जून २००८ ला दिल्ली, बेंगळुरू आणि कोलकाता इथं एकाच दिवशी मोर्चे निघाले. दिल्लीत आयोजकांनी मुखवटे वाटले होते, तोंड दाखवायची सोय नसलेल्यांसाठी. मुखवट्याची गोष्ट पुढं परत येणार आहे.

मुंबईनं त्या वर्षी १६ ऑगस्टची तारीख धरली. स्वातंत्र्यदिनाचा दुसरा दिवस. ऑगस्ट क्रांती मैदानावरून गिरगाव चौपाटीपर्यंत चालले, नाव 'क्विअर आझादी मार्च'. ब्रिटिश सरकारनं ३७७ कलमाबद्दल माफी मागावी, ही मागणी त्यात होती. कलम १८६० च्या दंडसंहितेतलं, राणीच्या राज्यातलं. तेव्हा जागा आणि तारीख दोन्ही विचारपूर्वक निवडलेली. पुण्यात ११ डिसेंबर २०११ ला बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टच्या पुढाकारानं मोर्चा निघाला. नागपुरात सारथी ट्रस्टनं २०१६ पासून सुरुवात केली. पुढचा कायद्याचा प्रवास तुम्हाला माहीत आहे: डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ३७७ परत जिवंत केलं, एप्रिल २०१४ मध्ये नाल्सा निकालानं तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर आले, आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला विवाहाचा हक्क नाकारला गेला.

यातलं एकही काम राष्ट्रीय समितीनं केलेलं नाही. २००८ च्या त्या तीन शहरांनी एकमेकांशी बोलून तारीख जुळवली, बाकी ज्याचं त्यानं पाहिलं. याचा फायदा असा की प्रत्येक शहराचा मोर्चा त्या शहराचा राहिला. तोटा असा की मोठ्या शहरात घडतं त्याला 'राष्ट्रीय' म्हणायची सवय लागली आणि बाकीचं सगळं 'स्थानिक' झालं. कायदा दिल्लीत होतो. पण त्याचा फटका गडहिंग्लजला, आजऱ्याला बसतो आणि तिथून दिल्लीकडं निरोप जायला रस्ता नाही.

सरकारनंही एक राष्ट्रीय समिती केली आहे बरं का. विवाहाच्या निकालानंतर एप्रिल २०२४ मध्ये, कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली. रेशन कार्ड, बँक खातं, दवाखाना अशा अडचणी बघायला. सदस्य म्हणून नेमले गेले ते गृह, आरोग्य, महिला व बालविकास, विधी आणि सामाजिक न्याय या खात्यांचे सचिव. ज्यांच्याबद्दल समिती आहे त्यांच्यातलं कुणी सदस्य म्हणून नाही, लागलं तर तज्ज्ञांना बोलावता येईल एवढीच सोय. आपण मोर्चासाठी समिती करताना निदान एवढं तरी ताडून बघावं की आपण तसंच काही करत नाही ना.

समितीवरून झालेली भांडणं

राष्ट्रीय समिती करून मोर्चा काढायचा अनुभव सगळ्यात जास्त अमेरिकेचा आहे, म्हणून तिकडं जरा जाऊन येऊ.

१९७८ साली वॉशिंग्टनला देशव्यापी मोर्चा न्यायचं ठरलं. पहिली समिती आपापसातल्या वादात मोडली. मग नोव्हेंबर १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हार्वे मिल्क यांचा खून झाला आणि विषय परत उभा राहिला. फेब्रुवारी १९७९ ला फिलाडेल्फियात बैठक झाली, जुलैत ह्यूस्टनला झाली. तिथं दिवस गेले ते मार्गावर किंवा स्टेजवर नाही. समितीत कोण बसणार यावर. ठरलं असं की प्रदेशवार प्रतिनिधी, त्यात निम्म्या तरी स्त्रिया आणि गोऱ्यांखेरीज इतर वर्णांच्या लोकांना ठरवून दिलेला वाटा. पुष्कळांना हा वेळेचा अपव्यय वाटला. १४ ऑक्टोबर १९७९ ला मोर्चा निघाला, अंदाज ७५ हजारांपासून सव्वा लाखापर्यंतचे. त्याच आठवड्यात हॉवर्ड विद्यापीठाजवळ कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिन समलिंगी मंडळींची वेगळी परिषद भरली आणि ते लोक मोर्चात एकेकटे नाही, गट म्हणून आले.

१९९३ च्या मोर्चाच्या नावात 'बाय' हा शब्द आला. 'ट्रान्सजेंडर' आला नाही, त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. मागण्यांच्या मजकुरात मात्र उल्लेख राहिला. म्हणजे पानावर आहात, फलकावर नाही. २००० साली तर दोन मोठ्या संस्थांनी आधी मोर्चा जाहीर केला आणि मग लोकांना विचारलं. 'खुली प्रक्रिया' मागणारी दुसरी समितीच त्याविरुद्ध उभी राहिली. मोर्चा झाला, गर्दी जमली. पण सोबतच्या जत्रेत जमलेल्या रोकडीपैकी मोठी रक्कम गायब झाल्याचं निघालं आणि चौकशी एफबीआयकडे गेली. आम्ही याला नुसती चोरी म्हणत नाही. वरून ठरवलेल्या कामात खाली हिशेब विचारणारं कुणी उरत नाही.

आता कुणी म्हणेल, हे वाट्याचं आणि कोट्याचं अमेरिकन खूळ इथं कशाला. अहो, कोट्याचं तत्त्व कोल्हापूरनं कुणाकडून शिकायचं? २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी निम्म्या जागा राखून ठेवायचा हुकूम काढला. अमेरिकेतल्या त्या बैठकीच्या ७७ वर्षं आधी. आणि दसरा चौकात उभं राहून आजूबाजूला बघा: मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग. महाराजांनी आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह करून पाहिलं होतं. तिथं जे आधीपासून शिकलेले होते तेच भरले. दार सगळ्यांना उघडं होतं, बाकीच्यांचं पाऊल आत पडेना. म्हणून मग समाजवार बोर्डिंगं आली. कुणाला वाटेल हा भेद वाढवणं झालं. पण आधी आपल्या खोलीत बोलायची सवय झाली की माणूस मोठ्या सभेत उभा राहतो.

म्हणून आमची सूचना अशी. समितीच्या निम्म्याहून जास्त जागा महानगरांबाहेरच्या असाव्यात. निम्म्या तरी स्त्रिया आणि पारलिंगी, तृतीयपंथी व्यक्तींच्या. दलित, आदिवासी, अपंग मंडळींसाठी ठरलेल्या. आणि कुठल्याही गटाचा एकच प्रतिनिधी घेऊ नका, दोघं घ्या. एकटा माणूस शोभेला बसवल्यासारखा होतो. काही खटकलं तर शेजारी वळून 'आपलंच चुकतंय का?' असं विचारायलाही कुणी नसतं. बैठकीआधी त्या-त्या गटाला तासभर वेगळं बसू द्या.

जोखीम कुणाची

आता कोल्हापुरात येऊ.

महानगरात प्राइडची भाषा 'बाहेर येण्याची' आहे. लपलेला माणूस उजेडात येतो. आपल्याकडं ही भाषा अर्ध्यांनाच लागू पडते. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेला जोगता लुगडं नेसतो, हिरव्या बांगड्या भरतो, कपाळभर भंडारा लावतो, परडी घेऊन दारोदार जातो. तो कधीचाच बाहेर आहे. गल्लीला तो माहीत आहे. मंगळवारी-शुक्रवारी त्याच्या परडीत जोगवाही घालतात. फक्त भाड्यानं खोली देत नाहीत आणि कामाला ठेवत नाहीत. 'जोगवा' सिनेमा २००९ ला आला तेव्हा राज्यभर लोक हळहळले. तो बेतलाय राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवर, आणि गवस याच जिल्ह्यातले. आपल्याला हे नवीन नव्हतं. डेऱ्यात राहणाऱ्या तृतीयपंथीयांचंही तसंच. त्यांना लपायचं नाही, त्यांना मार खायचा नाही.

दुसऱ्या बाजूला गोकुळ शिरगावच्या कारखान्यात शिफ्ट करणारा, लग्नाचं वय उलटत चाललेला गे मुलगा आहे. एखाद्या मुलीची तर गोष्टच वेगळी. तिला संध्याकाळी सातनंतर घराबाहेर का आहेस याचं उत्तर द्यावं लागतं. तिनं मैत्रिणीबरोबर गाव सोडलं तर घरचे 'बेपत्ता' म्हणून तक्रार देतात आणि पोलीस शोधून परत आणून देतात. या दोघांना मोर्चाचा एक फोटो पुरतो. तुम्ही मुंबईच्या मोर्चाला जा, पश्चिम महाराष्ट्रातली पोरं तिथं रंग लावून नाचताना दिसतील. तीच पोरं आपल्या गावच्या मोर्चाला येणार नाहीत. मुंबईच्या गर्दीत त्यांना कोण ओळखतंय? मोर्चा जितका घराजवळ, तितका महाग.

दिल्लीत बसलेल्या समितीला हे आकड्यात दिसत नाही. 'एवढ्या शहरांत मोर्चे झाले' अशी यादी वाढली की तिला आनंद होतो, आणि त्या यादीतल्या एका ओळीसाठी इथल्या कुणाचं तरी घर सुटतं. म्हणून अधिकारांची वाटणी आधी कागदावर हवी. मागण्या, कायदेशीर मदत, पैशांचा हिशेब हे राष्ट्रीय समितीकडं. तारीख, मार्ग, फोटो, पत्रकार आणि 'यंदा मोर्चा नको, बंद हॉलात कार्यक्रम करू' हे म्हणणं, यात स्थानिकांचा शब्द शेवटचा. यादीत कोल्हापूरचं नाव नसलं तर नसलं.

तारीख

तारखेचं वेगळं सांगतो, कारण यात फसगत फार होते.

जून हा जगभर प्राइडचा महिना, कारण न्यूयॉर्कला स्टोनवॉलचा दंगा जून १९६९ मधला. तिकडं उन्हाळा असतो. आपल्याकडं जूनच्या मध्यापासून पाऊस, जुलैत पंचगंगा पात्राबाहेर. २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवा. मुंबईनंही पुढं आपला मोर्चा जानेवारी-फेब्रुवारीकडं नेलाच. बरं, दिल्लीचा मोर्चा नोव्हेंबरअखेर असतो, तो धरावा? मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास इथले जोगते सौंदत्तीला. एसटीच्या गाड्याच्या गाड्या जातात. त्या आठवड्यात मोर्चा ठेवला तर ज्यांचा मोर्चा तेच गावात नसणार. चैत्र पौर्णिमा जोतिबाची, तेव्हा पोलीस बंदोबस्त तिकडं. फेब्रुवारी-मार्च बारावी-दहावीच्या परीक्षा, स्पीकरला परवानगी मिळणं अवघड.

मग उरतं काय? जानेवारीचा मध्य बरा. पण देशभर एकच तारीख हा हट्टच चुकीचा आहे. राष्ट्रीय समितीनं पंधरवडा द्यावा, त्यातला दिवस गावानं ठरवावा. आणि वार कुठला? शहरात सगळे रविवार म्हणतात. ज्यांचं पोट बाजार मागण्यावर आहे त्यांनी बाजाराचा वार सोडून यावं असं म्हणणार असाल, तर त्या दिवसाची कमाई कोण देणार तेही सांगा. हे बैठकांनाही लागू.

बैठकांचं थोडं अजून. प्रवासखर्च 'नंतर पावती दाखवून मिळेल' असं असतं. ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे नाहीत तो नंतर मिळणाऱ्या पैशांवर कसा येणार? आधी द्या. इतिवृत्त इंग्रजीत निघतं. मराठीत काढा, आणि आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, कारण वाचता न येणारे सदस्य असणारच आहेत. बैठक संध्याकाळी सातला सुरू केली तर गारगोटी, राधानगरीच्या माणसाची शेवटची गाडी जाते. कळंबा गारगोटी रस्त्यावर आहे, भुदरगडच्या माणसाला शहर ओलांडावं लागत नाही. जागा निवडताना हेही मनात होतं.

पोशाख आणि घोषणा

पोशाखावरून भांडण प्रत्येक गावात होतं, तेव्हा आधीच बोलून घेऊ.

अमेरिकेत १९६५ ते १९६९ दर ४ जुलैला फिलाडेल्फियात समलिंगी हक्कांसाठी मूक निदर्शनं व्हायची. पुरुषांनी कोट-टाय, बायकांनी स्कर्ट, असा नियम. शेवटच्या वर्षी दोन बायकांनी हात धरले तर आयोजकांनीच ते सोडवले. त्यांची भूमिका अशी की लोकांनी आपल्याला नोकरीला लायक समजावं. त्यावर नाराज झालेल्या तरुणांनी नोव्हेंबर १९६९ मध्ये दरवर्षी जूनअखेर मोर्चा काढायचा ठराव मांडला, आणि त्यात पोशाखाचा किंवा वयाचा कुठलाही नियम नसेल असं मुद्दाम घातलं. २८ जून १९७० चा न्यूयॉर्कचा मोर्चा त्या ठरावातून निघाला. पुण्यातही २०१७ साली पोशाखाच्या सूचनेवरून समाजातच फूट पडली.

आम्हाला दोन्ही बाजूंची भीती कळते. कोल्हापूर म्हणजे काही गोव्याचा किनारा नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सगळ्यात भडक फोटो येणार आणि घरोघरी तोच बघितला जाणार. पण जोगत्याला 'सभ्य पोशाखात या' असं सांगायचं म्हणजे नक्की काय सांगायचं? लुगडं आणि बांगड्या हाच त्याचा सभ्य पोशाख आहे. तृतीयपंथीयांनी नटून येणं हा त्यांच्या मानाचा भाग आहे. नियम करायला गेलात की तो या दोघांवरच पडतो, शर्ट-पॅंटवाल्यावर पडत नाही. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: पोशाखाचा नियम नको. अश्लीलतेचा कायदा देशात आहे, तेवढा पुरे.

घोषणांचं इतकं सोपं नाही. १ फेब्रुवारी २०२० ला मुंबईत मोर्चाला परवानगी मिळाली नाही, आझाद मैदानात फक्त जमायची मिळाली. नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनाचे दिवस होते. तिथं एका अटकेतल्या विद्यार्थ्याच्या बाजूनं घोषणा झाल्या आणि ५१ जणांवर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. आयोजकांनी त्या घोषणांशी आमचा संबंध नाही असं जाहीर केलं. काहींना ते शहाणपणाचं वाटलं, काहींना पोरांना वाऱ्यावर सोडल्यासारखं. कोण बरोबर यावर आजही एकमत नाही, आमच्यातही नाही. एवढं मात्र खरं की घोषणा कुणाच्या, आणि गुन्हा दाखल झाला तर वकील कुणासाठी उभा राहणार, हे आधी ठरलं असतं तर निदान त्या रात्री त्या पोरांना कुणाला फोन लावायचा ते कळलं असतं. राष्ट्रीय समितीचं खरं काम इथं आहे. जिल्ह्याच्या गावात असा वकील शोधणं म्हणजे काय, ते विचारा.

मार्ग आणि परवानगी

कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, तेव्हा अर्ज ज्या ठाण्यांच्या हद्दीतून जाणार तिथं, आणि वाहतूक शाखेला. आपल्या जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ कलमाखाली जमावबंदीचे आदेश सारखे निघत असतात. पाच माणसं जमायचीही अडचण. अशा आदेशात परवानगी घेतलेले कार्यक्रम बसतात, म्हणून लेखी परवानगी हातात असल्याशिवाय पत्रक छापू नका. परवानगी म्हणजे मेहेरबानी नव्हे. शांततेनं, शस्त्राविना जमायचा हक्क संविधानाच्या १९ व्या कलमात आहे, पोलिसांना त्याचं नियमन करता येतं.

दसरा चौक ते बिंदू चौक हा मार्ग सगळ्यांच्या तोंडी येतो. इकडं शाहू महाराज, तिकडं फुले आणि आंबेडकर. बिंदू चौकातले ते पुतळे डिसेंबर १९५० चे, बाबासाहेब हयात असताना बसवलेले. अर्थ छान आहे. पण दसरा चौकाजवळ सीपीआर आहे, आणि दवाखान्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. ढोल-ताशाचा जोर पुढं लक्ष्मीपुरीत गेल्यावर. उलट सुरुवातीला गाजावाजा नसणं आपल्या उपयोगाचंही आहे: लपून येणारी माणसं टाऊन हॉलच्या बागेत आधीच फिरत बसू शकतात, गर्दी जमली की मिसळू शकतात.

शिस्तीचा नमुना बाहेरून आणायची गरज नाही. १५ ऑक्टोबर २०१६ चा मराठा क्रांती मोर्चा कोल्हापुरानं पाहिला. पुढं मुली, पुढारी मागं, मागून कचरा गोळा करत येणारे स्वयंसेवक. मागण्या वेगळ्या, पण तो क्रम उचलण्यासारखा आहे: सगळ्यात पुढं कोण आणि सगळ्यात मागं कोण हे ठरवूनच चालायचं. टोलविरोधी लढ्यात एन. डी. पाटील सरांबरोबर सर्वपक्षीय कृती समिती कशी चालली तेही इथल्यांना सांगायला नको. आपल्याकडच्या अशा समित्यांत बहुधा अध्यक्ष नसतो, निमंत्रक असतो. दिल्लीच्या मंडळींनी हा शब्द उचलावा.

फोटोची व्यवस्था अशी करता येते. पुढचा भाग 'फोटो चालेल' वाल्यांचा, त्यात जोगते, तृतीयपंथी, पाठिंबा द्यायला आलेले. मधला भाग फोटो नको असणाऱ्यांचा, दोन्ही कडांना स्वयंसेवक कापडी फलक धरून. कपाळावर किंवा दंडावर रंगाची खूण. मोबाईलच्या जमान्यात हे पूर्ण पाळलं जाणार नाही, हे सगळ्यांना आधी सांगायचं. खोटा भरवसा देऊन कुणाला रस्त्यावर आणू नये.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: मागण्या कुठल्या असाव्यात? लग्नाची की घराची?

दोन्ही असतील, पण क्रमावर भांडण होणारच आणि ते होऊ द्यावं. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्यात लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा ठेवली गेली. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा. जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी न्यायसंहिता आली, त्यात ३७७ पूर्णच गेलं. संमतीच्या बाबतीत चांगलं झालं. पण पुरुषावर किंवा तृतीयपंथीयावर जबरदस्ती झाली तर लावायला असलेलं कलमही गेलं. डेऱ्यातल्या माणसाला हे पटकन कळतं, कारण ते तिच्या अंगावरचं आहे. सांगलीत वेश्याव्यवसायातल्या बायकांचं आणि तृतीयपंथीयांचं संघटन कितीतरी वर्षांचं आहे. मागण्या लिहायला आधी त्यांना बोलवा, मग कायदा शिकणाऱ्या मुलांना.

प्रश्न: कंपन्यांकडून पैसे घ्यावेत का?

दिल्लीचा मोर्चा लोकवर्गणीवर चालतो, कंपन्यांचे पैसे घेत नाही. आम्हाला तेच बरं वाटतं. मंडळाच्या गणपतीला वर्गणी गोळा करता येते तर याला का नाही? पावती पुस्तक हवं, आणि पावतीवर नाव न घालायची मुभा हवी. हिशेब मोर्चानंतर पंधरा दिवसांत, बैठकीत वाचून दाखवायचा.

प्रश्न: मी एका मुलाचा बाप आहे. त्याचं मला गेल्या वर्षी कळलं. मी चालावं की नको?

आधी त्याला विचारा, दादा. तुम्ही चाललात तर लोक 'कुणाचा बाप' म्हणून विचारणार आणि बोट त्याच्याकडं जाणार. तो हो म्हणाला तर जरूर चाला. १९७२ साली न्यूयॉर्कला जीन मॅनफर्ड नावाची शिक्षिका मुलाबरोबर फलक घेऊन चालली, त्यातून पालकांची संघटना उभी राहिली. आपल्याकडं मुंबईत 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट आहे. २०२३ मध्ये विवाहाचा खटला चालू असताना चारशेहून जास्त पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. तो नको म्हणाला तर फुटपाथवर उभे राहून पाणी वाटा. पाणी वाटणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

प्रश्न: मुखवटा घातला तर पोलीस अडवतील का?

अडवू शकतात, म्हणून अर्जातच लिहायचं की काही सहभागी मुखवटे घालतील आणि त्याचं कारण काय. मुखवटा घालणाऱ्यानं ओळखपत्र जवळ ठेवावं आणि पोलिसांनी विचारलं तर तेवढ्यापुरतं, बाजूला जाऊन दाखवावं. सोबत एक स्वयंसेवक असावा, शक्यतो वकिली शिकणारा. आणि मुखवटे स्वस्त कागदी आणू नका. घामानं अर्ध्या वाटेत फाटतात.